सोनारगल्लीतलं सोंग

१७ फेब्रुवारी १९६३, रविवार

नागपूरच्या छायाचित्र प्रदर्शनाचं पत्रक आज टपालानं आलं. विषय 'रोजचं जीवन'. फोटो पोचवायची शेवटची तारीख एकतीस मार्च.

चिखलीत अकरा वर्षं स्टुडिओ चालवतो आहे. या अकरा वर्षांत काढलं काय, तर नवरा-नवरी, जावळं काढलेली पोरं आणि खुर्चीत श्वास कोंडून बसलेले पाटील. पुष्पा म्हणते, त्यावरच घर चालतं. चालतं, कबूल. पण 'हा फोटो अर्जुनरावांचा' असं अजून कोणी म्हटलेलं नाही, आणि मला ते एकदा ऐकायचं आहे. बाकीचे सगळे बैलगाडी आणि पाणी भरणाऱ्या बाया पाठवतील. ते माझ्याकडून होणार नाही.

२० फेब्रुवारी, बुधवार

सुचलं! बहुरूपी कडूबा आज दारात आला. दरसाल सुगी आटोपली की तो बायकोला घेऊन गावाबाहेरच्या मैदानात पाल ठोकतो आणि महिनाभर चिखलीत सोंगं आणतो. आज यम होता. काळं तोंड, पुठ्ठ्याचा मुकुट, खांद्यावर गदा. माझं नाव घेऊन म्हणाला, तुमची वेळ भरली, चला. पुष्पानं सूपभर ज्वारी घातली तेव्हा मला शंभर वर्षं वाढवून दिली.

तो गेला आणि रस्त्यापलीकडच्या एस.टी. स्टँडवर बाकावर टेकला. एका बाजूला गाठोडं घेतलेली म्हातारी, दुसऱ्या बाजूला पेंगणारा कंडक्टर आणि मध्ये यम, विडी ओढत. कोणाला त्याचं काही वाटत नव्हतं. हेच माझे फोटो. स्टँडवर यम, धान्याच्या अडतीत मारुती, दवाखान्याच्या रांगेत अर्धनारी. रोजची जागा आणि भलताच माणूस.

२४ फेब्रुवारी, रविवार

कडूबाला बोलावून ठरवलं. चार दिवसांचे जे मागितले ते कबूल केले, घासाघीस केली नाही. पण त्याचे नियम ऐकून डोकं उठलं. सोंग घ्यायच्या आधी तो पोलीस ठाण्यात वर्दी देतो. अंघोळ केल्याशिवाय रंग लावत नाही. आणि ज्याच्यापुढे सोंग आणलं त्याच्यापुढेच ते उतरवायचं. डोक्यावरचं काढायचं, "सोंग आहे मायबाप" म्हणायचं आणि त्या माणसाच्या हातून काहीतरी घ्यायचं, चिमूटभर पीठ का असेना. ते घेतलं नाही तर सोंग अंगावरच राहतं म्हणे.

मी म्हटलं, मी पैसे दिले की उतरलं समज. तो हसला आणि मान हलवली. ही माणसं अडाणी असली तरी नखरे राजदरबारचे असतात.

६ मार्च, बुधवार

यमाचे फोटो झाले. धुऊन पाहिले. बरे आहेत. बरेच आहेत, हीच तर रड आहे. सगळी माणसं हसताहेत. कडूबाला पाहिलं की गावाला कळतं, हे सोंग आहे. रंगलेलं तोंड पाहिलं की माणूस हसायच्या तयारीतच उभा राहतो.

त्यात फिल्म मिळत नाही. चीनच्या लढाईपासून बाहेरचा माल बंद आहे. अकोल्याच्या व्यापाऱ्यानं महत्प्रयासानं एक रोल दिला. बारा फोटो. त्यात जमलं तर जमलं.

११ मार्च, सोमवार

काल विचार करता करता उत्तर सापडलं आणि ते इतकं सोपं आहे की स्वतःचीच पाठ थोपटावीशी वाटते. कडूबाला रंग लावायचाच नाही. चिखलीत त्याचं धुतलेलं तोंड कोणी पाहिलेलं नाही. पाल सोडताना तो रंगलेला असतो, परततानाही रंगलेला. त्याला माझ्या स्टुडिओतला कोट घालायचा, गिऱ्हाइकांना फोटोपुरता देतो तो. गळ्यात टाय, डोक्यावर साहेबी टोप, हातात चामड्याची बॅग. नव्या काळाचा यम. सोनं तपासणारा साहेब!

जानेवारीत सरकारनं सोन्याचा कायदा आणला. चौदा कॅरटच्या वरचा दागिना घडवायचा नाही. चौदा कॅरटचं मंगळसूत्र घालायला कोण तयार होणार? ऐन लग्नसराईत सोनारगल्लीतल्या शेगड्या विझल्या आहेत. तपासणीला माणसं येणार अशी रोज आवई उठते. तिथं साहेब उभा राहिला की चेहरे कसे होतील!

कडूबाला सांगितलं तर तो जमिनीकडे पाहत राहिला. म्हणाला, "मालक, त्या गल्लीत सध्या रडारड हाय. रडत्या घरी सोंग नेत नाही आमी."

मी म्हटलं, रडत्या घरालाच हसवायला पाहिजे. हे त्याला पटलं असावं, कारण तो पुढे काही बोलला नाही.

१३ मार्च, बुधवार. लोणार

धर्मशाळेत कंदिलाशी बसून लिहितो आहे. आजचा दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस असेल.

कडूबा कोटात असा शोभला की मीच उठून उभा राहिलो. ठाण्यात वर्दी द्यायला निघाला होता, मी जाऊ दिलं नाही. शिपायांना कळलं की तासाभरात गावाला कळतं. त्याला बजावलं, मी रुमाल हलवीपर्यंत टोप उतरवायचा नाही.

दुपारी तीनला गल्ली सुनसान होती. उकंडराव सोनारांचं दुकान तेवढं अर्धं उघडं. साठीचे, सावकाश बोलणारे गृहस्थ. पुष्पाचं डोरलं त्यांच्याच हातचं. मी समोर सोडलेल्या बैलगाडीच्या आडोशाला बसलो. दहा-बारा पावलांचं अंतर, आणि ओट्यावर तिरपं ऊन.

कडूबा पायरीवर उभा राहिला. फक्त उभा राहिला. बॅग उघडून एक कागद काढला आणि वाचू लागला. वास्तविक त्याला वाचता येत नाही. उकंडरावांचा चेहरा पाहिला आणि मी आनंदानं एकामागून एक फोटो घेत गेलो. आधी ते हसले. मग हसू तसंच राहिलं आणि त्याच्या मागचं सगळं निघून गेलं. हात जोडले. गादीखाली हात घालून गुलाबी कागदाची पुडी काढली आणि कडूबाच्या मुठीत कोंबली, दोन्ही हातांनी मूठ मिटवली. तो फोटो मला मिळाला. आठवा. कडूबानं तेवढ्यात माझ्याकडे पाहिलं, एवढं एक वैगुण्य आहे. कॅमेऱ्याकडे पाहायचं नाही हे त्याला चारदा सांगितलं होतं.

रुमाल हलवणार होतो, पण ऊन फार सुंदर पडलं होतं. आणखी दोन घेतले. तेवढ्यात उकंडराव दार लावून आत गेले आणि लोणारच्या गाडीला दहा मिनिटं उरली. उद्या पहाटे तळ्याकाठी शेवटचे दोन घ्यायचे, देवळाच्या पायरीवर कोटातला साहेब. कडूबाचा हात धरून स्टँडवर आणला.

गाडीत तो सारखं एकच बोलत होता. "तो माणूस भल्ला भेला, मालक. मी तुमच्या रुमालाची वाट पाहून राह्यलो होतो. मले जाऊ द्या, पुडी देऊन येतो, सोंग उतरवून येतो." पुडीत सोन्याचं वेढं आहे, बोटातलं. मी म्हटलं, परवा परतल्यावर दोघंही जाऊ, पुडी देऊ, त्यांच्यासोबत चहा पिऊ. उकंडरावांनी तोवर ओळखलंही असेल. चिखलीत कडूबाला कोण ओळखत नाही?

१५ मार्च, शुक्रवार

उकंडराव गेले.

काल पहाटे घरामागच्या विहिरीत सापडले. स्टँडवर उतरलो तेव्हा पानवाल्यानं सांगितलं. बुधवारी कोणी सरकारी साहेब येऊन दमदाटी करून सोनं घेऊन गेला, म्हणून. शेगडीच्या राखेत अर्धं घडवलेलं मंगळसूत्र सापडलं, जुन्या चोख सोन्याचं. भाचीच्या लग्नासाठी करत होते.

कडूबा खाली बसला. मी त्याला उठवून स्टुडिओत आणलं, कोट काढून घेतला आणि पुडी नाल्यात फेकून दे म्हटलं. बायकोला घेऊन आजच्या आज मुक्काम हलव, तुझ्या भल्याचं सांगतो. त्यानं ऐकून घेतलं, धोतर नेसला आणि निघाला. मला वाटलं पालाकडे गेला.

तो उकंडरावांच्या दारी गेला. सुतकाच्या घरी, बायका रडत असताना, पुडी उंबऱ्यावर ठेवली आणि हात जोडून म्हणाला, "सोंग होतं मायबाप." लोकांनी त्याला मरेस्तोवर मारला असता. फौजदारांनी सोडवून नेला.

या माणसाला अक्कल नाही. मी सरळ वाट दाखवली होती.

१६ मार्च, शनिवार

दिवसभर दुकान बंद. ताप आहे असं पुष्पाला सांगितलं. तिनं कपाळाला हात लावून पाहिला आणि काढा न करताच आत गेली.

मी काय केलं? कोणाला हात लावला नाही, कोणाकडून काही घेतलं नाही. कायदा सरकारचा, भीती त्यांची, चोरून घडवलेला दागिना त्यांचा. उद्या मी ठाण्यात जाऊन सांगितलं तरी उकंडराव परत येणार आहेत का? कडूबानं माझं नाव घेतलं तर आज-उद्या शिपाई येईलच. तेव्हा खरं ते सांगेन.

२० मार्च, बुधवार

शिपाई आला. जेवत होतो, घास ताटात ठेवून उठलो. तर निरोप असा की आरोपीचा फोटो काढायचा आहे, कॅमेरा घेऊन या. गावात दुसरा फोटोग्राफर नाही.

कडूबाला कोठडीबाहेर भिंतीशी उभं केलं. एक डोळा सुजून मिटला होता. समोरून एक, बाजूनं एक. मी भिंगातून पाहत होतो आणि फौजदार माझ्या खांद्याशी उभे राहून सांगत होते की बेटा पक्का आहे, कोणाचं नाव घेत नाही, म्हणतो सोंग माझं, दोष माझा. सरकारी माणूस असल्याची बतावणी करून सोनं उकळलं, आणि त्यापायी माणूस मेला. दोन-तीन वर्षं कुठं जात नाहीत.

मी मान वळव म्हटलं तसा कडूबा वळला. हळूच म्हणाला, "इकडं पाहू का नको, मालक?"

फौजदारांना वाटलं, फोटोबद्दलच विचारतो आहे. मी म्हटलं, नको.

त्यानं माझं नाव घेतलं नाही हे त्याचं मोठेपण. ते मोठेपण वाया जाऊ द्यायचं का, असाही प्रश्न आहे.

३० मार्च, शनिवार

प्रदर्शनाला एस.टी. स्टँडवरचा यम पाठवला, तोही उशिरानं. आठवा फोटो पाठवला नाही. बुधवारपासून दोनदा पाकिटात घातला आणि दोनदा काढला. एवढं तरी मी पाळलं. आजवर काढलेल्यांत तोच एक खरा फोटो आहे हेही इथं लिहून ठेवतो, कारण दुसरीकडे कुठं म्हणता येणार नाही.

२ एप्रिल, मंगळवार

कडूबाची बायको रुख्मिणी दुकानाच्या पायरीशी येऊन बसली. आत ये म्हटलं तरी येईना. तिला सगळं माहीत आहे. कोट, रुमाल, लोणार. तिनं शिव्या दिल्या असत्या तर सोपं गेलं असतं. अठरा तारखेला बुलढाण्याला कोर्टात तारीख आहे म्हणाली. "तुमी तिथं होते, एवढंच सांगा. बाकी काई नका सांगू."

मी येतो म्हटलं. तिनं पायरीला हात लावून नमस्कार केला आणि गेली. पुष्पा पडद्याआड उभी होती. "येणार ना?" एवढंच विचारलं. मी तिच्यावर ओरडलो.

१० एप्रिल, बुधवार

उकंडरावांची बायको शालूबाई दिराला घेऊन आली. पांढरं कपाळ पाहवत नव्हतं. भिंतीवर हार घालायला फोटो पाहिजे, आणि घरात एकही नाही. आयुष्यभर लोकांचं सोनं घडवलं, स्वतः कधी फोटोला बसले नाहीत. "कोन्या लग्नात गर्दीत आले असतीन तर पाहा ना भाऊ. तुमच्याजवळ जुन्या फोटोच्या काचा असतीन."

नाही म्हणायला तोंड उघडलं होतं. पाहतो म्हणालो.

१३ एप्रिल, शनिवार

तीन दिवस दुसरं काही केलं नाही. आठव्या फोटोतून कडूबा कापला. पायरी कापली, पुडी कापली. उरला तो चेहरा. मग त्या चेहऱ्याची वेगळी निगेटिव्ह केली आणि तिच्यावर टोकदार पेन्सिल घेऊन बसलो. कपाळावरच्या आठ्या भरल्या. डोळ्यांखालची सावली उजळली. ओठांची टोकं किंचित वर नेली, मूठ मिटवणारे हात तळाशी दिसू दिले नाहीत. नवऱ्या मुलींचे देवीचे व्रण घालवून हात बसलेला आहे, पण भीती घालवायला व्रणापेक्षा फार वेळ लागतो. चष्म्याच्या काडीला दोरा गुंडाळलेला होता तो तसाच ठेवला. अशानं माणूस खरा वाटतो.

रात्री मोठा करून धुतला. उकंडराव शांत बसले आहेत, जणू कोणी पाहुणा आला आहे. मला रडू आलं. मी त्यांचं काही देणं लागत असलो तर ते आज फिटलं असं वाटलं. कोर्टात चार वाक्यं बोलून हे झालं नसतं.

१५ एप्रिल, सोमवार

शालूबाई एकट्याच आल्या. चौकटीत बसवलेला फोटो पालथा हातात दिला. त्यांनी सुलटा करून पाहिला, पदरानं काच पुसली, हनुवटीवरून बोट फिरवलं. "हे असेच दिसत," म्हणाल्या. मग त्यांचं बोट चष्म्याच्या काडीशी थांबलं.

त्यांनी फोटो दाराच्या उजेडात नेला. 

"हा दोरा म्या बांधला भाऊ," त्या म्हणाल्या. "काडी तुटली व्हती, साहेब आला त्याच दिवशी सकाळी. माह्याच लुगड्याचा दोरा हाय, हिरवा." फोटोत तो हिरवा दिसत नव्हता, काळा दिसत होता. "त्या दिवशी ते घराभाईर गेले नाहीत. तुमी कवा काढला?"

मी जुन्या काचांबद्दल काहीतरी बोलू लागलो. माझाच आवाज मला ऐकू येत होता. त्या ऐकत नव्हत्या. त्या दारातून रस्त्याकडे, मग माझ्या कॅमेऱ्याकडे आणि मग माझ्याकडे पाहत होत्या.

"तुमी समोर होते," त्या म्हणाल्या. "मंग काऊन नाही सांगतलं? सोंग हाय, एवढंच सांगाचं होतं. रातभर ते मले विचारत होते, आता बेड्या घालतीन का, भाचीचं लग्न मोडंन का. तुमी एका हाकेवर होते."

त्या किंचाळल्या नाहीत.  त्यांनी फोटो पदराखाली घेतला आणि विचारलं, त्या बहुरूप्याची तारीख कधी आहे. मी सांगितली.

१७ एप्रिल, बुधवार

शालूबाई दिरासोबत उद्याच्या पहिल्या गाडीनं बुलढाण्याला जाणार आहेत. पुष्पानं विहिरीवर ऐकलं. फोटो सोबत नेणार. म्हणजे आता मी गेलो काय नि न गेलो काय, कोर्टाला कळणारच.

मी स्वतःहून जायचं ठरवलं असं लिहायला घेतलं होतं. ते खोडलं. पुष्पानं कोट बाहेर काढून ठेवला होता, दुसरा नाही म्हणून. मी तो परत आत टाकला. धोतर आणि सदऱ्यावर जाईन.

१८ एप्रिल, गुरुवार

गाडीत रुख्मिणी दाराशी खाली बसली होती, शालूबाई पुढच्या बाकावर. दोघींनी एकमेकींकडे पाहिलं नाही. मी मागे उभा होतो.

कोर्टात मूळ निगेटिव्ह टेबलावर ठेवली आणि सगळं सांगितलं. कोट माझा, जागा मी ठरवली, वर्दी मी देऊ दिली नाही, पुडी परत करायला मी जाऊ दिलं नाही. बोलायला दहा मिनिटंही लागली नाहीत. सरकारी वकील माझ्याकडे बघत होते ते मला जन्मभर पुरेल. सोनं उकळल्याचं कलम टिकेल असं दिसत नाही म्हणे, बतावणीचं काय ते पुढच्या तारखेला. माझ्यावरही काही लागेल. लागू दे.

मॅजिस्ट्रेटसाहेबांनी निगेटिव्ह खिडकीच्या उजेडात धरून बराच वेळ पाहिली. निगेटिव्हमध्ये माणूस ओळखू येत नाही, काळ्याचं पांढरं आणि पांढऱ्याचं काळं असतं. त्यांनी मला एकच प्रश्न विचारला. तुम्ही कॅमेऱ्यातून पाहत होता. हा माणूस खरोखरच घाबरला आहे, हे तुम्हाला त्या वेळी दिसत होतं का?

शालूबाई बाकावर होत्या. कडूबा आरोपीच्या जागी मान खाली घालून उभा होता.

मी हो म्हणालो.

मग कारकुनानं ते लिहून घेतलं, आणि आवाज नीट आला नाही म्हणून मला पुन्हा एकदा म्हणायला लावलं.